हाताने केलेल्या आणि आठवणीतल्या वस्तूंनी ख्रिसमस ट्री सजवणे : कृती, टांगणी, टिकाऊपणा (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

देवदार

विकतचा बॉल फुटला तर दुसरा आणता येतो. बाळाच्या तळहाताच्या ठशाची चकती तुटली, किंवा आजीच्या अक्षरातली चिठ्ठी विरून गेली, की ती गेलीच. म्हणून अशा वस्तूंनी झाड सजवायचं असेल तर वस्तू दिसेल कशी यापेक्षा टिकेल कशी याचा विचार आधी करावा लागतो. हाताने केलेली ऑर्नामेंट्स खराब होतात ती बहुतेक दोनच जागी : एक तर दमट हवा आत शिरते, नाही तर टांगणीचं भोक किंवा दोरा दगा देतो. प्रतिसादात कृती लिहिताना या दोन गोष्टींवर जरूर लिहा, अशी विनंती.

झाडापासून सुरुवात करतो. कृत्रिम झाड पेटीतून निघतं तेव्हा फांद्या खोडाला चिकटलेल्या असतात. खालच्या थरापासून वर जात प्रत्येक फांदी मोकळी करायची, आणि फांदीवरच्या काड्या खोडाकडून टोकाकडे एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर अशा उघडायच्या. सहा फुटी झाडाला यात सहज तास जातो. हा तास वाचवला तर पुढे खोडाचा दांडा दिसत राहतो आणि ती भोकं बुजवायला उगाच जास्त वस्तू टांगाव्या लागतात.

मग दिवे. एका फुटाला शंभर बारीक दिवे हा सर्वसाधारण हिशोब, म्हणजे सहा फुटाला सहाशे. पण वस्तू हाताने केलेल्या असतील तर चारशेसुद्धा पुरतात, कारण फार झगमगाटात भरतकामाचा टाका आणि ब्रशचा फटकारा दिसत नाही. माळ नुसती बाहेरून गुंडाळू नका. फांदीवरून खोडापर्यंत आत न्या आणि तशीच बाहेर आणा. दिवे एलईडीच घ्या. जुने तारेचे दिवे तापतात, आणि या झाडावर कागद, कापूस, वाळलेली फुलं असणार आहेत.

क्रम : दिवे, मग झिरमिळ्या किंवा मण्यांची माळ, मग मोठ्या आणि जड वस्तू, मग लहान, सगळ्यात शेवटी टोकावरचा तारा.

---

कणीक

मीठ-मैद्याच्या चकत्यांबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाळाच्या ठशासाठी बहुतेक जण याच करतात आणि याच सर्वांत जास्त बिघडतात.

प्रमाण : २ कप मैदा, १ कप बारीक मीठ, पाऊण ते १ कप पाणी. मीठ बारीकच हवं. जाडं मीठ पूर्ण विरघळत नाही आणि चकती वाळल्यावर पृष्ठभागावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहतात. बेकिंग पावडर घातलेलं तयार पीठ चालत नाही, चकती फुगते. पाणी एकदम ओतू नका. शेवटचा पाव कप चमच्याचमच्याने घाला. गोळा कानाच्या पाळीइतका मऊ हवा आणि हाताला चिकटता कामा नये. दहा मिनिटं नीट मळा. कमी मळलेल्या गोळ्याच्या कडांना चिरा पडतात. मग झाकून वीस मिनिटं ठेवा.

बेकिंग पेपरवरच ५ ते ६ मिलिमीटर जाड लाटा, त्याच कागदावर चकती कापा आणि आजूबाजूचं पीठ काढून घ्या. कापलेली चकती उचलून दुसरीकडे ठेवली की गोलाची अंडाकृती होते, म्हणून हे उलट काम. भोक स्ट्रॉने पाडायचं, कडेपासून निदान १ सेंटिमीटर आत. वाळताना भोक थोडं आवळतं, म्हणून सुईने किंवा काडीने पाडलेलं पुढे उपयोगाचं राहत नाही.

ठसा घेताना बाळाचा हात पिठावर नुसता ठेवला तर तळव्याचा खोलगट मध्यभाग टेकत नाही. आधी तळव्याच्या मध्यावर अंगठ्याने हलकेच दाबायचं, मग एकेक बोट. हात सरळ वर उचलायचा. सरकला की कड दुहेरी उमटते. नीट आलं नाही तर गोळा पुन्हा मळा, लाटा, पुन्हा घ्या. नंतर बाळाचे हात लगेच धुवा, मीठ झोंबतं.

भाजणं नव्हे, वाळवणं. ओव्हन १०० ते ११० अंश सेल्सियस, दोन ते तीन तास, तासाने एकदा उलटायचं, उलटल्यावर जाळीवर ठेवायचं. तापमान वाढवलं तर वरची साय आधी कडक होते, आतली वाफ अडकते, मध्ये फुगवटा येतो आणि रंग तपकिरी होतो. झालं की नाही हे पाहायला मागच्या बाजूने मधोमध अंगठा दाबा : दबली तर अजून ओल आहे. नखाने टिचकी मारल्यावर आवाज खणखणीत यायला हवा, बद्द नाही. ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. गरम चकती एकदम गार हवेत काढली की तडकते.

७ सेंटिमीटरची अशी चकती साधारण ३० ग्रॅम भरते. फांदीच्या टोकाला ती जड जाते, आत टांगा.

---

नवखी

वाचनखूण साठवली. ओव्हन नसेल तर हवेवर वाळतील का? किती दिवस?

---

कणीक

वाळतात. चार ते सात दिवस, रोज उलटून, जाळीवर, सावलीत. कडक उन्हात एक बाजू आधी सुकते आणि चकती होडीसारखी वळते. हवा दमट असेल तर मात्र आठ दिवसांनीही आत ओल राहते. मीठ हवेतलं पाणी ओढतच राहतं. अशी चकती रंगवली तर काही आठवड्यांत रंगाखालून पांढरी भुकटी वर येते. ते मीठच असतं. अशा हवेत त्यापेक्षा खाण्याच्या सोड्याची माती बरी.

---

शाडू

सोड्याची माती मी लिहितो. २ कप खाण्याचा सोडा, १ कप कॉर्नफ्लोअर, सव्वा कप पाणी. तिन्ही गार असतानाच एकजीव करा, मग मध्यम आचेवर सतत ढवळत राहा. बराच वेळ काही होत नाही, मग तळाशी गुठळ्या दिसतात आणि त्यानंतर अर्ध्या-एक मिनिटात सगळं आळून गोळा होतो. उकडलेला बटाटा कुस्करल्यासारखं दिसलं आणि भांड्याच्या कडा सुटल्या की त्याच क्षणी उतरवायचं. आणखी मिनिटभर राहिलं तर माती भुसभुशीत होते, लाटताना कडा फुटतात. ओलं फडकं झाकून गार करा, मग मळा.

ही माती पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत होते, त्यामुळे पान, लेस, विणकाम दाबून नक्षी उठवायला उत्तम. चाफ्याच्या पानाच्या शिराही उमटतात, मात्र पान उलट्या बाजूने दाबायचं, शिरा तिकडे उठावाच्या असतात. जाडी ४ ते ५ मिलिमीटर. पंख्याखाली वाळवू नका, वरची बाजू आधी आक्रसते आणि कडा वर उचलल्या जातात. दर सहा तासांनी उलटत, एक ते दोन दिवस. ओव्हन वापरायचाच असेल तर ८० अंशाच्या खाली : सोडा त्याच्यावर जोरात वायू सोडू लागतो आणि पृष्ठभागावर फोड येतात.

मीठ-मैद्यापेक्षा ही हवेला कमी दबते, पण ठिसूळ जास्त. तुटते ती भोकापाशीच. म्हणून ओली असतानाच भोकाच्या कडेला मागून मातीची एक बारीक वळी गोल लावून घ्या, पाण्यात बुडवलेल्या बोटाने मिसळून टाका. कॉलर लावल्यासारखं होतं.

घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर मीठ-मैद्याच्या आणि सोड्याच्या, दोन्ही वस्तू झाडाच्या वरच्या अर्ध्यातच. मिठाची एक चकती कुत्र्याने खाल्ली तरी जिवावर बेतू शकतं. हे गंभीरपणे घ्या.

---

रंगपेटी

रंग आणि लेप.

रंग ॲक्रिलिकच, पातळ दोन हात. जलरंगाने मीठ पुन्हा ओलं होतं आणि वरचा थर चिखलासारखा सुटतो. मागे नाव आणि वर्ष जरूर घाला, पण मार्करने लिहिणार असाल तर आधी वाया गेलेल्या तुकड्यावर लिहून त्यावर लेप देऊन बघा. बरेच परमनंट मार्कर लेपाखाली जांभळे होऊन पसरतात. बारीक ब्रशने ॲक्रिलिकने लिहिणं सगळ्यात खात्रीचं.

लेप म्हणजे पाण्याच्या बेसचं ॲक्रिलिक व्हार्निश, दोन्ही बाजूंना दोन ते तीन हात, दोन हातांमध्ये किमान दोन तास. लोक पुढची बाजू चकाचक करतात आणि मागची कोरी ठेवतात. ओल मग मागून शिरते, चकती फुगते, आणि रंग पुढून पापुद्र्यासारखा उचलला जातो. कडा विसरू नका. भोकाच्या आतून टूथपिकने व्हार्निश फिरवा. तिथेच दोरा घासतो आणि तिथूनच ओल आत जाते.

---

शाडू

पांढरा गोंद आणि पाणी निम्मं-निम्मं करून लावलं तर नाही का चालत? पुष्कळ जण तसं करतात.

---

रंगपेटी

दिसायला चालतं, टिकायला नाही. साधा पांढरा गोंद वाळला तरी दमट हवेत पुन्हा मऊ पडतो. पेटीत दोन चकत्या एकमेकींवर राहिल्या तर पुढच्या वर्षी चिकटलेल्या निघतात आणि सोडवताना एकीचा रंग दुसरीवर जातो. गोंद थरांच्या आत वापरा, सगळ्यात वरचा हात व्हार्निशचाच. आणि व्हार्निश दिल्यावरही पेटीत ठेवण्याआधी आठवडाभर उघड्यावर राहू द्या. हाताला कोरडं लागतं त्यानंतरही ते काही दिवस आतून मुरत असतं.

---

कागदवेडी

कागदाच्या वस्तूंना फांदीवर वजनच नसतं, म्हणून टोकांवर, जिथे दुसरं काही टांगता येत नाही, तिथे त्या लावाव्यात. दोन प्रकार लिहिते.

पहिला, डेन्मार्कचा विणलेला हृदयाचा खिसा. दोन रंगांचे कागद, प्रत्येकी ६ सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर लांब. मध्ये दुमडा, साडेनऊ सेंटिमीटरची जोडपट्टी होईल. उघडी टोकं अर्धगोल कापा. आता दुमडीकडून सरळ आत दोन चिरा द्या, म्हणजे २ सेंटिमीटरच्या तीन पट्ट्या होतील. चिरेची लांबी साडेसहा सेंटिमीटर, म्हणजे रुंदीपेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त. सगळं यावर अवलंबून आहे. चीर बरोबर ६ ची असेल तर शेवटची पट्टी बसतच नाही, कागद फाटतो. फार जास्त असेल तर विणीत फटी राहतात.

दोन्ही भाग काटकोनात धरायचे, दुमडी वरच्या बाजूला. इथे नेहमीसारखं वर-खाली विणायचं नाही. प्रत्येक पट्टी दुहेरी आहे, तर एकदा ती समोरच्या पट्टीच्या पोटातून न्यायची, पुढच्या वेळी समोरच्या पट्टीला हिच्या पोटातून न्यायचं. पहिली पट्टी आतून-बाहेरून-आतून, दुसरी बाहेरून-आतून-बाहेरून. बरोबर विणलं तर हृदय पाकिटासारखं उघडतं. नुसतं वर-खाली केलं तर सपाट चिकटून बसतं, आणि हीच नवशिक्यांची चूक. खिशात छोटी चिठ्ठी बसते, म्हणून आठवणीसाठी याच्यासारखी वस्तू नाही. दर वर्षी घरातल्या प्रत्येकाने एक ओळ लिहून आत सरकवायची आणि मागे साल टाकायचं.

दुसरा, फ्रोबेलचा तारा. बालवाडीची कल्पना मांडणारे जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या नावाने ओळखला जातो. चार पट्ट्या, लांबी रुंदीच्या तीसपट : दीड सेंटिमीटर रुंद तर ४५ सेंटिमीटर लांब. चारही मध्ये दुमडून, टोकं तिरकी कापून, एकमेकींच्या पोटातून ओवून मध्ये चौकट आवळायची. त्यानंतर आठ सपाट टोकं आणि दोन्ही बाजूंना चार-चार उठावाची शंकू टोकं, एकूण सोळा. कागद ८० ते १०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा. कार्डशीट दुमडीवर फुटतं, पतंगाच्या कागदाला शंकूचा ताठपणा येत नाही. जुन्या पत्रांच्या किंवा नकाशांच्या फोटोप्रतींच्या पट्ट्या फार सुंदर दिसतात. मात्र मूळ पत्र कापू नका.

---

शाईदौत

कागदवेडी ताईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मूळ फोटो, मूळ पत्र, मूळ लग्नपत्रिका झाडावर जाऊच नये. उजेडाने शाई उडते, गोंदाने कागद पिवळा पडतो. स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), आणि प्रत वापरा. तिकिटं आणि पावत्या उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या असतील तर त्यांची प्रत आजच काढून ठेवा. तो कागद काही वर्षांत आपोआप कोरा होतो.

हस्ताक्षर लाकडाच्या चकतीवर उतरवायची पद्धत :

प्रत लेझर प्रिंटरवरच काढायची. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, लेझरचा टोनर प्लास्टिकसारखा असल्याने चिकटून राहतो. छपाई आरशातली हवी, म्हणजे उलटी. देवनागरीत उलट-सुलट पटकन लक्षात येत नाही, कारण शिरोरेषा दोन्हीकडून सारखीच दिसते. छापल्यावर कागद आरशासमोर धरून एकदा वाचाच.

लाकडावर ॲक्रिलिक जेल मीडियमचा (रंगकामातला घट्ट, वाळल्यावर पारदर्शक होणारा लेप) एकसारखा थर द्या, कागद छापील बाजू खाली करून ठेवा, आणि जुन्या प्लास्टिक कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढा. हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढं अक्षर उमटत नाही. रात्रभर वाळू द्या. घाई केली तर पुढच्या पायरीत अक्षरासकट सगळं निघून येतं. सकाळी स्पंजने कागद भिजवा आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळत कागदाचा लगदा काढा. वाळल्यावर वर पांढरट धूसर दिसेल, पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा, असं दोन-तीनदा. नख लावू नका. शेवटचा हलका धूसरपणा व्हार्निशने जातो.

---

रंधा

त्याच चकत्यांच्या लाकडाबद्दल. ६ ते ८ सेंटिमीटर व्यासाची फांदी, चकतीची जाडी ८ ते १० मिलिमीटर. ओल्या फांदीची चकती हमखास तडकते, सालीपासून गाभ्यापर्यंत पाचर काढल्यासारखी. कारण लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जितकं आक्रसतं, गाभ्याकडे साधारण त्याच्या निम्मंच. त्यामुळे वर्तुळ फाटतंच. चकत्या कागदी पिशवीत ठेवून तीन-चार आठवडे सावकाश वाळवा, दर दोन-तीन दिवसांनी उलटा. तरी दहातल्या दोन-तीन तडकतील, तेवढ्या जास्त कापा. झाडाच्या वाढीच्या दिवसांत तोडलेल्या फांदीची साल सुटते, विश्रांतीच्या दिवसांतली धरून राहते. घासायला आधी १२० नंबरचा, मग २२० चा पॉलिश पेपर. भोक ३ मिलिमीटरच्या ड्रिलने, खाली टाकाऊ फळी धरून, नाही तर मागच्या बाजूचे कुसळ उडतात.

---

सुईदोरा

कापडाच्या आठवणींसाठी टाचण्यांचा बॉल सगळ्यात चांगला, कारण त्यात ना गोंद लागतो ना शिवण. बाळाचं झबलं, आजोबांचा शर्ट, लग्नातलं रेशीम, कशाचेही तुकडे चालतात. कपडा मधोमध कापायची गरज नाही : आतला दाब आणि खालची दुमड यांतून पुष्कळ कापड मिळतं.

७ सेंटिमीटरचा थर्माकोलचा गोळा, ५ सेंटिमीटरचे चौकोन. वरच्या ध्रुवावर एक सपाट चौकोन चार टाचण्यांनी. मग चौकोन मध्ये दुमडून आयत, आणि आयताचे दोन कोपरे मध्याला आणून त्रिकोण. त्रिकोणाचं टोक ध्रुवाशी टेकवायचं, टोकाला एक टाचणी, खालच्या दोन कोपऱ्यांना एकेक. पहिल्या फेरीत चार त्रिकोण, दुसऱ्या फेरीत १ सेंटिमीटर खाली आठ, तिसऱ्या फेरीत आणखी १ सेंटिमीटर खाली आठ. एका बाजूला वीस त्रिकोण, दोन्हीकडचे चाळीस, आणि ध्रुवांवरचे दोन चौकोन. मधोमध उघड्या राहिलेल्या पट्टीवर रिबन.

बिघडतं ते दुसऱ्या फेरीत. आधीच गोळ्यावर पेन्सिलने ध्रुवापासून आठ रेघा ओढल्या नसतील तर आठवा त्रिकोण सातव्यावर चढतो. टाचण्या स्टेनलेस किंवा पितळी घ्या. लोखंडी टाचणीचा गंज वर्षभरात कापडावर फुटतो आणि तो डाग जात नाही. थर्माकोलला स्प्रे पेंट आणि पेट्रोलच्या वासाचा चिकट गोंद मुळीच लावू नका, गोळा विरघळून खळगा पडतो.

जुनं रेशीम घडीवर तडकत असेल तर कापण्याआधी मागे पातळ फ्युजिंग (उष्णतेने चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवून घ्या. इस्त्री मंद, वर सुती फडकं.

क्रोशाचे हिमकण असतील तर त्यांना ताठ करायला पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात. बुडवायचं, पिळायचं, प्लास्टिक ताणलेल्या थर्माकोलवर टाचण्यांनी प्रत्येक टोक ओढून पसरायचं. साखरेची खळ लावायची जुनी रीत आहे, ती वापरू नका. मुंग्या आणि झुरळं पेटीत शिरतात.

---

नवखी

बाळाचा मोजा, किल्ली, जुनं बटण अशा वस्तू थेट टांगायच्या का?

---

देवदार

नियम एकच ठेवा : वस्तूला भोक पाडायचं नाही, गोंद लावायचा नाही, म्हणजे झाडावरून उतरवल्यावर ती होती तशी राहिली पाहिजे. किल्ली, पदक यांना मऊ सुती दोऱ्याने बांधता येतं. मोजा, हॉस्पिटलची मनगटपट्टी, बटणं यांच्यासाठी दोन अर्धगोलांचा पारदर्शक प्लास्टिक बॉल, ८ सेंटिमीटरचा. वाळलेली फुलं ठेवायची तर ती आधी सिलिका जेलमध्ये (ओल शोषणारे दाणे) पाच ते सात दिवस पूर्ण वाळवा. देठाच्या बुडाशी ओल उरली तर बंद बॉलमध्ये आतून वाफ धरते आणि बुरशी येते. धातूची वस्तू कापसावर ठेवू नका, कापूस ओल धरून ठेवतो.

काचेचा निमुळत्या तोंडाचा बॉल असेल तर लग्नपत्रिकेच्या प्रतीच्या ३ मिलिमीटर रुंद पट्ट्या पेन्सिलीवर गुंडाळून आत सोडा. आत गेल्यावर त्या उलगडतात आणि अक्षरं वेगवेगळ्या कोनातून वाचता येतात.

---

काचकाम

घरात चालत आलेले जुने काचेचे बॉल असतील तर त्यांच्याबद्दल. जर्मनीतल्या थुरिंगियामधलं लाउशा गाव अशा फुंकून केलेल्या बॉलसाठी एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. त्या पद्धतीच्या बॉलची चमक आतून दिलेल्या चांदीच्या पातळ लेपाची असते, आणि वरचा रंग बऱ्याचदा पाण्यात सुटणारा. पाणी, काच पुसायचा स्प्रे, ओलं फडकं काहीही लावलं तरी रंग हातात येतो. तोंडातून पाणी आत गेलं तर चांदीला काळे डाग पडतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस.

उचलताना टोपीला धरू नका. टोपी आतल्या दोन तारांच्या ताणावर उभी असते आणि ताण जुना झालेला असतो. बॉल तळहातावर घ्या. टांगण्याआधी टोपी काढून तारा हलकेच फाकवा, पुन्हा बसवा. तरी सैल वाटली तर दोरा टोपीच्या कडीतून न घेता मानेभोवती फिरवून मग कडीतून काढा. टोपी निसटली तरी बॉल लटकत राहतो.

---

हिरवाई

खऱ्या झाडावर टांगणार असाल तर थोडक्यात : तोडलेल्या फर किंवा पाइनचं बूड आणताच २ सेंटिमीटर कापा आणि लगेच पाण्यात ठेवा. काही तासांत राळेने काप बंद होतो. खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर व्यासामागे एक लिटर पाणी मावेल असा स्टँड, आणि पाणी कापाच्या खाली कधीच जाऊ द्यायचं नाही. झाड सुकू लागलं की फांद्या झुकतात आणि दोरे घसरतात. नोबल फरच्या फांद्या ताठ, जड वस्तू पेलतात. व्हाइट पाइनच्या लवचीक, तिला फक्त कागद आणि कापड.

कुंडीतलं, थरांच्या फांद्यांचं जे झाड ख्रिसमस ट्री म्हणून विकलं जातं ते बहुधा अरॉकेरिया. त्याच्या फांद्या वजनाने वाकल्या की पुन्हा उठत नाहीत. त्याला कागदी तारे आणि हलकी एलईडी माळ इतकंच. शेंड्याला काहीही बांधू नका. शेंडा मोडला की झाडाचा सरळ आकार कायमचा जातो.

---

सुईदोरा

टांगणीवर कुणी लिहिलं नाही म्हणून. रिबन किंवा दोरा १८ ते २० सेंटिमीटर, दुमडून ८ ते ९ चा फास होतो. नायलॉनचा पारदर्शक दोरा दिसत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण त्याची साधी गाठ आपोआप सुटते. दोन वेढ्यांची गाठ मारा आणि वर गोंदाचा थेंब सोडा. काचेला किंवा गुळगुळीत धातूला हॉट ग्लूने कडी चिकटवू नका, थंडीत तो पापुद्र्यासारखा सुटतो. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद लावा.

फांदीवर फास नुसता अडकवायचा नाही. काडीला एक वेढा देऊन अडकवा, आणि कृत्रिम झाड असेल तर काडीचं टोक फासाभोवती वर वळवा. मग मूल धावत गेलं, दार आपटलं, तरी वस्तू पडत नाही. तारेचे आकडे वापरायचे तर अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची तार. लोखंडी आकडा व्हार्निश खरवडतो.

---

देवदार

मांडणीचंही इथेच सांगून टाकतो. वस्तू लावल्यावर फांदीचं टोक दोन बोटांपेक्षा जास्त खाली गेलं तर तिला आत सरकवा. जड वस्तू सगळ्या पुढून लावल्या तर स्टँड पुढे कलतो. भिंतीकडच्या बाजूला तितकीच वजनं द्या, साधे बॉल चालतील. खोडाजवळ खोलवर चकाकणारे साधे बॉल टांगले तर त्यांवरून दिव्यांचा उजेड बाहेर येतो आणि पुढची हस्तकला उठून दिसते. आठवणीच्या वस्तू जमिनीपासून १२० ते १५० सेंटिमीटर उंचीवर, एकमेकींपासून वीतभर लांब. लहान मुलांनी केलेल्या मात्र त्यांच्याच डोळ्यांच्या उंचीवर लावा, फक्त त्या न फुटणाऱ्या हव्यात. दोन बोलक्या वस्तू शेजारी आल्या की दोन्ही वाचल्या जात नाहीत, मध्ये एक मुकी वस्तू हवी.

टोकावरचा तारा वाकत असेल तर शेंड्याच्या काडीला मागून ३० सेंटिमीटरची बारीक लाकडी काठी लावून दोन जागी केबल टायने आवळा, आणि तारा काठीवर बसवा.

---

शाईदौत

साठवण : वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. बबल रॅप थेट रंगाला लागला तर गोल गोल ठसे उमटतात. आधी आम्लविरहित पांढरा टिश्यू, मग बबल रॅप. मीठ-मैद्याच्या चकत्या उभ्या, हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. पुड्या दर वर्षी बदला. रबरबँड वापरू नका, तो वितळून चिकटतो. पत्र्याखालचा माळा टाळा, तिथल्या उन्हाळ्यात मेण, गोंद, हॉट ग्लू सगळं पाघळतं. डब्याच्या झाकणाला आतून यादी लावा : वस्तू, कुणी केली, साल, कोणत्या साहित्याची. साहित्य लिहून ठेवलं तर पंधरा वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला कळतं की ती पाण्याने पुसायची की नाही.

---

नवखी

शेवटचा प्रश्न. मीठ-मैद्याची ठशाची चकती दोन तुकड्यांत तुटली आहे. सांधता येईल?

---

कणीक

येईल. तुकड्यांच्या कडा कोरड्या ब्रशने साफ करा, पाणी लावू नका. डब्यात ओल लागली असेल तर आधी दोन्ही तुकडे ओव्हनमध्ये ८० अंशावर तासभर ठेवून पूर्ण गार करा. सांधताना पांढरा गोंद टाळा, त्याचं पाणी कडेत शिरून मीठ सुटतं. इपॉक्सी टूथपिकने दोन्ही कडांना पातळ लावा, तुकडे सपाट बेकिंग पेपरवर जुळवा आणि दोन्ही बाजूंनी पुस्तकं टेकवून चोवीस तास हलवू नका. बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच इअरबडने टिपा. एखादा कपचा हरवला असेल तर नव्या वाळलेल्या चकतीची पूड इपॉक्सीत कालवून तो खड्डा भरा, वाळल्यावर २२० च्या कागदाने हलकं घासा, तेवढ्या जागी रंग आणि मग पूर्ण चकतीला दोन्ही बाजूंनी व्हार्निश.

जुन्या भोकातून आता दोरा घेऊ नका, सांध्यावर ताण येतो. चकतीच्या मापाचं जाड फेल्ट कापून मागे इपॉक्सीने चिकटवा, टांगणीचा फास त्या फेल्टमध्ये आधीच शिवून घ्या. वजन फेल्ट घेईल.